गोंदाआधी तार: जुन्या दागिन्यांच्या कलाकृतींबद्दल वाचकांचे प्रश्न

तुटलेले ब्रोच, जोडी हरवलेली कानातली, ओवण सुटलेल्या माळा, जुन्या बाजारातून आणलेल्या फ्रेमा आणि कपबश्या यांपासून शोभेच्या वस्तू करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: वस्तू सुंदर झाली, पण टिकली नाही. म्हणून उत्तरांमध्येही मांडणीपेक्षा जोडणी आणि सफाई यांवरच जास्त लिहिलं आहे.

काळ्या मखमलीवर ब्रोच, कानातली आणि साखळ्यांचे तुकडे लावून झाडाची फ्रेम केली. ग्लू गन वापरली होती. काही महिन्यांतच जड तुकडे निखळायला लागले, आणि निखळताना मखमलीची लवही उपटून आली. कोणता गोंद वापरायला हवा होता?

नुसता गोंद बदलून तुमचा प्रश्न अर्धाच सुटेल, कारण इथे दोन वेगळ्या चुका एकत्र आल्या आहेत.

पहिली चूक ग्लू गनची. धातू उष्णता झटकन ओढून घेतो. गरम गोंद धातूवर नीट पसरायच्या आतच गोठतो आणि वरच्या वर पापुद्र्यासारखा बसतो. शिवाय हा गोंद उन्हाने तापलेल्या भिंतीवर नरम पडतो आणि सतत वजन असेल तर हळूहळू सरकतो. कापड, पुठ्ठा, लाकूड यांना तो चालतो. गुळगुळीत धातू आणि काच यांना नाही.

दुसरी चूक मखमलीची, आणि ती जास्त महत्त्वाची. तुकडा मखमलीला चिकटत नाही, लवेच्या टोकांना चिकटतो. जगातला सर्वात जबर गोंद लावला तरी लव कापडातून उपटून येणारच. त्यामुळे जड तुकड्यांचं वजन कापडावर येताच कामा नये, ते मागच्या फळीवर यायला हवं.

पुन्हा करायला घ्याल तेव्हा मागे ५ ते ६ मिमी जाडीचं प्लायवूड किंवा एमडीएफ घ्या. ३ मिमीची फळी मोठ्या फ्रेममध्ये वजनाने पोट काढते आणि पुठ्ठा तर घेऊच नका. कापड ताणून मागच्या बाजूला स्टेपल करा. मग गोंद न लावता सगळी मांडणी करा, सरळ वरून फोटो काढा, आणि फोटो समोर ठेवून एकेक तुकडा उचलून पक्का करत चला. फोटोशिवाय हे काम करू नका. दहावा तुकडा उचलेपर्यंत पहिला नेमका कुठे, कोणत्या कोनात होता हे विसरायला होतं.

बोराएवढ्या किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक तुकड्याला आधी तारेने बांधा. ब्रोचच्या पिनेची बिजागरी, जाळीकामातली भोकं, कानातल्याची कडी, कुठे ना कुठे तार जायला जागा असतेच. त्या जागेखाली फळीला १.५ मिमीची दोन भोकं पाडा, २६ गेजची म्हणजे ०.४ मिमीची तार दोन्हींतून मागे काढा, पकडीने तीन-चार पीळ द्या, टोकं कापून दुमडा आणि वर टेप लावा. पीळ देताना तार आधी मागे ओढायची आणि मग पिळायची. नुसतं पिळत राहिलं तर ताण येण्याआधीच तार तुटते. भोकं सगळी एकदम आधीच पाडून घ्या. काही तुकडे बसल्यावर ड्रिल चालवलं की त्या थरथरीने शेजारचे खडे निघतात.

ज्यांना तार बांधता येत नाही असे लहान तुकडे चिकटवावे लागतात. तुकड्याच्या आकारापेक्षा चारी बाजूंनी ३-४ मिमी आत राहील एवढी फुलीसारखी चीर कापडाला द्या, कोपरे मागे दुमडा आणि तुकडा थेट लाकडावर चिकटवा. ब्रोचची पाठ बहुधा पोकळ असते, फक्त कडाच फळीला टेकतात. एवढ्याशा कडेवर कोणताच गोंद टिकत नाही. ती पोकळी इपॉक्सी पुट्टीने भरा: दोन्ही भाग सारखे घ्या, पट्टे दिसेनासे होऊन एकच रंग येईपर्यंत मळा, पोकळीत दाबून भरा आणि ओली असतानाच सपाट पृष्ठावर दाबून पाठ समतल करा. मध्ये प्लॅस्टिकचा कागद ठेवला की पुट्टी त्या पृष्ठाला चिकटत नाही. पुट्टी कडक झाल्यावर काचपेपर फिरवला की गोंदाला पूर्ण तळ मिळतो.

गोंद म्हणून दोन भागांचं इपॉक्सी किंवा सुकल्यावर रबरासारखा लवचीक राहणारा ई-६००० प्रकारचा गोंद घ्या. दुसरा तासाभरात घट्ट वाटतो, पण पूर्ण ताकद यायला २४ ते ७२ तास लागतात. तेवढा वेळ फ्रेम आडवीच ठेवा. लवकर उभी केली तर तुकडे मिलिमीटर-मिलिमीटर खाली सरकतात आणि झाड वाकडं दिसतं. त्याचा वास डोक्यात जातो, त्यामुळे खिडकी उघडी हवी.

शेवटी फ्रेमचं वजन करा. दागिन्यांनी भरलेली फ्रेम दिसते त्यापेक्षा बरीच जड असते. मध्यभागी एकच दातेरी पट्टी लावून ती टांगू नका. दोन्ही बाजूंना वरून एक तृतीयांश उंचीवर डी आकाराच्या कड्या स्क्रूने बसवा आणि भिंतीतही दोन खिळे घ्या.

पांढऱ्या खड्यांचा जुना हार साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवला. सकाळी बरेच खडे राखाडी-काळे झाले होते. पुन्हा चमक येईल का?

येणार नाही. स्वस्त दागिन्यांतल्या बहुतेक काचेच्या खड्यांची चमक काचेची नसते, ती मागच्या आरशासारख्या चंदेरी थराची असते. पाणी कोंदणात शिरून तिथेच साचलं की तो थर कळकतो आणि सुटतो. साबण त्यात भर घालतो. हार वरून पुसून कोरडा झाला तरी कोंदणाच्या आत ओल दिवसेंदिवस राहते, म्हणून काही खडे आठवड्याने काळे पडतात आणि आपल्याला कारण उमगत नाही.

असे दागिने कोरडेच साफ करायचे. मऊ ब्रशने धूळ झाडा. मळ चिकट असेल तर कापसाच्या काडीचं टोक स्पिरिटमध्ये बुडवून निथळून घ्या, फक्त खड्याचा माथा पुसा आणि दागिना उपडा ठेवून सुकवा, म्हणजे काही ओघळलं तर ते कोंदणाच्या बाहेर येईल. सुपरग्लूच्या वाफांनीही हा थर खराब होतो आणि आजूबाजूला पांढरट धुकं बसतं, म्हणून सैल झालेला खडा सुपरग्लूने बसवू नका. इपॉक्सीचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका कोंदणाच्या तळाला पुरतो. जास्त घातला तर तो कडेने वर येतो आणि खडा कायमचा तेलकट दिसतो.

नवे खडे बसवायचे तर व्हर्नियर कॅलिपरने रिकाम्या कोंदणाचा आतला व्यास मोजा. पाव मिलिमीटरच्या फरकानेही खडा अडतो किंवा खडखडतो. आणि टोकदार बुडाच्या खड्याच्या जागी सपाट बुडाचा खडा बसत नाही, हे मागवण्याआधी पाहा. काळे पडलेले खडे टाकून मात्र देऊ नका. फुलांच्या किंवा पानांच्या मांडणीत सावलीच्या बाजूला ते फार चांगले दिसतात. सगळेच खडे सारखे लखलखले तर चित्राला खोली येत नाही.

जुन्या बाजारात दागिन्यांची मिश्र पिशवी मिळते. त्यात मौल्यवान काही आहे का, हे कापाकापी करण्याआधी कसं ओळखावं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि चांगला उजेड, एवढ्यावर बरंच काम होतं. हाराच्या फासाची पट्टी, अंगठीची आतली बाजू, ब्रोचची पाठ आणि कानातल्याची दांडी या चार जागा आधी पाहा. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. सोन्यात ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४ आणि ३७५ म्हणजे ९ कॅरेट. शिक्क्यानंतर जीपी असेल तर वर फक्त मुलामा आहे. जीएफ असेल तर सोन्याचा जाड पत्रा दाबून चिकटवलेला असतो, आणि सोबत १/२० असेल तर वजनाच्या विसाव्या भागाएवढं, शिक्क्यातल्या कॅरेटचं सोनं त्यात आहे. शिक्का दिसला की तो तुकडा बाजूला काढा आणि सराफाला दाखवल्याशिवाय त्याला पक्कड लावू नका. शिक्का नाही म्हणजे किंमत नाही असंही नाही, झिजून गेलेले शिक्के पुष्कळ असतात.

चुंबकाने एवढंच कळतं की आत लोखंड किंवा निकेल आहे. चुंबकाला न चिकटणारं सगळं सोनं-चांदी नसतं, पितळही चिकटत नाही. आणि खऱ्या दागिन्याच्या फासात पोलादाची बारीक स्प्रिंग असते, त्यामुळे फक्त फास ओढला गेला तर निष्कर्ष काढू नका.

मोती पुढच्या दाताच्या कडेवर हलकेच घासा. खरा, कल्चर्ड म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेलासुद्धा, किंचित खरखरीत लागतो. काचेचा किंवा प्लॅस्टिकचा नकली मोती गुळगुळीत लागतो. भोकाच्या तोंडाशी भिंगातून पाहिलं तर नकली मोत्याच्या रंगाचे पापुद्रे निघालेले दिसतात. काच ओठाला लावल्यावर गार लागते आणि प्लॅस्टिक लगेच कोमट होतं.

जुन्या प्लॅस्टिकबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. १९०७ मध्ये शोधलेल्या बेकेलाइटच्या बांगड्या आणि मणी संग्राहक शोधत असतात. बेकेलाइट गरम पाण्याखाली काही सेकंद धरलं की औषधी फिनॉलसारखा वास येतो. त्याहून जुनं सेल्युलॉइड असेल तर कापराचा वास येतो. गरम सुई टोचून पाहायची युक्ती सर्रास सांगितली जाते, ती कृपा करून वापरू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं. त्याच कारणाने त्यावर ग्लू गन चालवू नका आणि दिव्याच्या माळेजवळ ते लावू नका. सेल्युलॉइडला भेगांची जाळी पडली असेल किंवा ते घाम आल्यासारखं ओलसर झालं असेल, तर ते विघटित होत आहे. त्यातून आम्ल वाफा निघतात आणि शेजारच्या धातूला गंज चढतो. असा तुकडा इतर दागिन्यांच्या डब्यात ठेवू नका.

बंद पडलेल्या जुन्या मनगटी घड्याळांची चक्रं आणि तबकड्या काढून त्यांचं पेंडंट करायचं आहे. काही धोका आहे का?

तबकडीवरचे आकडे किंवा काटे फिकट पिवळट-तपकिरी, जाडसर रंगाने रंगवलेले असतील तर ते घड्याळ उघडूच नका. साधारण १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांसाठी रेडियमचा रंग वापरत असत. आता तो चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी झाला असं अनेकांना वाटतं. चमकणारा जस्त सल्फाइडचा भाग झिजून संपतो, रेडियम मात्र तिथेच असतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. वाळलेला रंग भुसभुशीत होतो आणि खरवडला की धुळीच्या रूपाने श्वासात जातो. असं घड्याळ बंद ठेवून पिशवीत गुंडाळा, आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची हे तुमच्या भागातल्या किरणोत्सर्गी पदार्थांच्या अधिकृत यंत्रणेला विचारा.

चमकता रंग नसलेल्या साध्या घड्याळांचे भाग खुशाल वापरा. चक्रांवर जुनं तेल असतं, ते स्पिरिटमध्ये दहा मिनिटं बुडवून काढून टाका, नाहीतर त्यावर ना गोंद बसतो ना रेझिन, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं पारदर्शक द्रव. मुख्य स्प्रिंग डब्यासकट काढा. ती उसळून बाहेर आली तर डोळ्याला इजा करते, त्यामुळे चष्मा घालूनच काम करा.

रेझिनमध्ये जुनी कानातली आणि मणी घालून ट्रे केला. खालून बुडबुड्यांच्या माळा दिसतात, आणि एक कोपरा आठवडा झाला तरी चिकट आहे. मोत्यांचा रंगही गेला.

तिन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत.

बुडबुडे ढवळण्यातून येतात असं समजून लोक वरून ज्योत फिरवत राहतात. दागिन्यांच्या कामात ते मुख्यतः दागिन्यांतून येतात: जाळीकाम, पोकळ मणी, कोंदणाची मागची पोकळी, मण्यांची भोकं. रेझिन वरून ओतलं की आतली हवा अडकते आणि रेझिन घट्ट व्हायला लागल्यावर हळूहळू बाहेर पडते, तोवर ती फोडायची वेळ गेलेली असते. त्यामुळे प्रत्येक तुकडा आधी वेगळा रेझिनमध्ये बुडवून घ्या, टूथपिकने भोकांत आणि जाळीत रेझिन भरा, पाठ वर करून ठेवा म्हणजे हवा निघून जाईल. साच्यात आधी २-३ मिमीचा थर ओता, तो मधासारखा घट्ट झाला की तयार तुकडे तिरके करून एका कडेने टेकवत आत ठेवा आणि मग उरलेलं रेझिन ओता. एका वेळी किती जाड थर चालतो ते डब्यावर लिहिलेलं असतं. पातळ थराचं रेझिन जाड ओतलं तर ते तापतं, पिवळं पडतं आणि तडकतं.

चिकट कोपरा म्हणजे तिथे न मिसळलेलं रेझिन गेलं आहे. ढवळताना पेल्याच्या कडेचा आणि बुडाचा भाग तसाच राहतो, आणि ओतून झाल्यावर आपण शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून पेला खरवडतो. तो खरवडलेला भागच चिकट राहतो. तीन ते पाच मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ निपटत राहा, मग सगळं दुसऱ्या कोरड्या पेल्यात ओतून आणखी एक मिनिट ढवळा. प्रमाण आकारमानाने दिलंय की वजनाने, हे नीट वाचा. दोन्ही भागांची घनता वेगळी असल्यामुळे एकाच्या जागी दुसरं चालत नाही. आता त्या चिकट कोपऱ्यावर नवं रेझिन ओतून तो झाकू नका. खालचा भाग तसाच ओला राहील. स्पिरिटच्या फडक्याने जेवढं निघेल तेवढं काढा, खरवडा, आणि मग तिथे नीट मिसळलेला थर द्या.

मोती नकली होते. त्यांचा रंग म्हणजे वरचा लाखेचा लेप, तो रेझिनमध्ये विरघळतो. पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे दोन हात देऊन पूर्ण वाळवले तर लेप वाचतो. कागद, कापड, वाळलेली फुलं यांनाही हेच करावं लागतं, नाहीतर ती तेल प्यायल्यासारखी डागाळतात.

रेझिन कडक होण्याआधी त्वचेला लागू देऊ नका. नायट्राइलचे हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा. या रसायनाची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

खिडकीत टांगलेली काचेच्या लोलकांची माळ वर्षभरात तुटून पडली. गाठी चांगल्या मारल्या होत्या.

गाठ सुटली नाही, धागा कुजला. मासेमारीचा पारदर्शक नायलॉन दोरा उन्हातल्या अतिनील किरणांनी ठिसूळ होतो. त्यात काचेच्या मण्यांच्या भोकाची कड धारदार असते आणि माळ हलली की ती दोरा कापत राहते. उन्हातल्या माळेला बारीक पोलादी तारांची पिळलेली, वर लेप दिलेली ०.३८ मिमीची ओवणीची तार घ्या. तिला गाठ मारत नाहीत. टोकाला २ मिमीची क्रिम्प नळी, म्हणजे दाबून चपटी करायची बारीक धातूची नळी, घालतात, तार कडीतून वळवून पुन्हा नळीतून घेतात आणि क्रिम्पच्या पकडीने नळी दाबतात. साध्या पकडीनेही दबते, पण आतल्या दोन तारा एकमेकींवर चढल्या असतील तर कापल्या जातात, म्हणून दाबण्याआधी त्या शेजारी-शेजारी आहेत ना ते पाहा. तार वळते तिथे १-२ मिमी सैल ठेवा. अगदी ताठ ओवलेली माळ नळीपाशी तुटते.

जड लोलकांना प्रत्येकी स्वतःची कडी द्या. कडी उघडताना दोन पकडींनी टोकं पुढे-मागे सरकवायची, बाजूला ताणून तोंड वासायचं नाही. तोंड वासलेली कडी पुन्हा पूर्ण मिटत नाही आणि त्याच फटीतून लोलक निसटतो.

आणखी एक: पूर्ण गोल, पैलू नसलेला, पारदर्शक भरीव काचेचा गोळा थेट उन्हात टांगू नका. तो भिंगासारखा किरण एकवटतो आणि पडदा किंवा कागद पेटू शकतो. पैलूदार लोलक प्रकाश फाकवतात, त्यांचा हा धोका कमी असतो.

जुन्या कपबश्यांचा तीन मजली स्टँड करायचा आहे. भोक पाडताना दोन बश्या फुटल्या.

हिऱ्याची भुकटी लावलेलं पोकळ बिट, कमी वेग आणि सतत पाणी. या तिन्हींतलं एक चुकलं तरी बशी जाते. दगडी भिंतीचं बिट धक्क्याने काम करतं, ते इथे नकोच, आणि ड्रिलवरचा हॅमरचा खटका बंद आहे ना तेही पाहा.

बशी उताणी ठेवा आणि खाली तिच्या तळाच्या रिंगणात घट्ट बसेल असा लाकडाचा तुकडा किंवा जाड रबर द्या. रिंगणामुळे बशीचा मधला भाग अधांतरी असतो. बश्या फुटतात त्या मुख्यतः यामुळेच: बिट खालच्या बाजूने बाहेर पडताना खालून आधार नसतो आणि शेवटचा पापुद्रा मोठ्या कपचीसकट निघतो. मध्यबिंदूवर टेपचे दोन थर चिकटवा. बिट आधी तिरकं धरून चंद्रकोरीसारखी खाच पाडा आणि मग हळूहळू उभं करा, म्हणजे ते झिलईवर घसरत नाही. बशीतच थोडं पाणी ठेवता येतं. पाणी दुधासारखं झालं की बदला. बिट थांबून राहिल्यासारखं वाटलं तरी जोर देऊ नका, ड्रिलच्या वजनाएवढा भार पुरतो. पाणी धूळही दाबून ठेवतं, आणि ती धूळ फुप्फुसांना वाईट असते. विजेच्या तारेचं ड्रिल पाण्याजवळ वापरू नका, बॅटरीचं घ्या.

भोक दांडीपेक्षा एक मिलिमीटर मोठं हवं. दोन्ही बाजूंना रबरी वॉशर घाला आणि हाताने आवळा. पान्याने शेवटचा अर्धा फेरा दिला की चिनी माती तडकते, कधीकधी लगेच नाही तर दुसऱ्या दिवशी. आधीपासून केसासारखी चीर असलेली बशी ड्रिल करायचीच नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारा: अखंड बशी वाजते, तडकलेली बद्द आवाज करते.

जुन्या झिलईत आणि रंगीत नक्षीत शिसं असू शकतं. त्यामुळे असा स्टँड खाण्याच्या पदार्थांसाठी वापरू नका. दागिने, मेणबत्त्या, सुकी फुलं यांच्यासाठी तो छान.

आरशाच्या फ्रेमवर मण्यांचं आणि बटणांचं मोझेक करून फरशीचं ग्राऊट भरलं तर चालेल का?

फरशीच्या तुकड्यांना चालतं, दागिन्यांना नाही. ग्राऊट पुसताना त्यातली वाळू प्लॅस्टिकचे मणी आणि मुलामा ओरखडते, जाळीकामात भरलेलं सिमेंट नंतर कशानेही निघत नाही, आणि सिमेंटचा क्षार अ‍ॅल्युमिनियमचे भाग खातो. फटी भरायच्या असतील तर उलट्या क्रमाने काम करा. फ्रेमवर रंगवलेली इपॉक्सी पुट्टी ३ मिमी जाड थापा आणि दागिने तिच्यात अर्धे रुतवा. तळहाताएवढाच भाग एका वेळी घ्या, कारण पुट्टी घट्ट होण्याआधी तो पुरा व्हायला हवा. वर आलेली पुट्टी ओल्या बोटाने सारखी करता येते.

आरशाची काच फ्रेममध्ये सिलिकॉनने बसवणार असाल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि आरशाच्या पाठीवरचा थर खातं. कडेने काळे डाग येऊ लागतात आणि ते वाढतच जातात. जुनी फ्रेम रंगवलेली असेल तर कोरडी घासू नका, जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. काचपेपर ओला करून घासा आणि चिखल फडक्याने उचला.

पितळी दागिन्यांवर हिरवा थर आला आहे. घासून काढावा का?

ओला करून काढा, कोरडा खरवडू नका. तांब्याच्या क्षारांची ती धूळ नाकातोंडात जाऊ नये. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, कापसाच्या काडीने फक्त हिरव्या जागेवर लावा, दोन-तीन मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा, मग पंख्याखाली पूर्ण वाळवा. खरे मोती, पोवळं, शिंपला यांच्या जवळपासही व्हिनेगर नेऊ नका. ते चुन्याचे बनलेले असतात आणि आम्लात विरघळतात. थर काढल्यावर खाली खड्डे दिसले तर मुलामा गेलेला आहे, तो घासून परत येत नाही. अशा जागी पान किंवा मणी बसवून घ्या.

चांदी काळवंडली असेल तर घासण्याऐवजी भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, वर चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवा, कपभर कढत पाण्याला एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घाला. गंधकाचा थर चांदीवरून निघतो, धातू झिजत नाही. खडे, मोती किंवा गोंद असलेल्या वस्तूंना आणि मुद्दाम काळी नक्षी ठेवलेल्या दागिन्यांना हा उपाय करू नका. नक्षीतला काळेपणाही निघून जातो.

मुलांच्या सुट्टीतल्या वर्गात जुने दागिने वापरायला द्यावेत का?

धातूचे देऊ नका. स्वस्त जुन्या दागिन्यांत शिसं आणि कॅडमियम आढळतं, आणि लहान मुलं वस्तू तोंडात घालतात. लुकलुकणाऱ्या दागिन्यांतल्या बटणासारख्या बॅटऱ्या आणि जोडीने चिकटणारे छोटे चुंबक गिळले गेले तर जिवावर बेततं, ते आधीच वेगळे काढा. लाकडी मणी, कापडी फुलं, मोठी बटणं मोठ्या मुलांना खुशाल द्या. कानातल्याच्या दांड्या आणि ब्रोचच्या पिना कापायचं काम मोठ्यांनीच करायचं. कापताना तुकडा गोळीसारखा उडतो, म्हणून कटरवर दुसऱ्या हाताचा तळवा किंवा फडकं धरायचं.

आधी कोणीतरी ग्लू गनने चिकटवलेले तुकडे परत वापरायचे आहेत. गोंद कसा काढावा?

गोंदाच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा आणि अर्धं मिनिट थांबा, गोंद स्वतःहून सुटतो. नाहीच सुटला तर वस्तू तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, ठिसूळ झालेला गोंद बोथट सुरीने टकटक करून निघतो. सुपरग्लू असेल तर अ‍ॅसिटोन लागेल. ते काच आणि धातू यांनाच, उघड्या खिडकीत आणि ज्योतीपासून लांब. अ‍ॅक्रिलिक मणी, नकली मोती आणि चंदेरी पाठीचे खडे त्यात घातले की संपलेच. इपॉक्सी असेल तर हेअर ड्रायरने तो भाग चांगला तापवा आणि पातळ पात्याने कडेपासून सुरुवात करा. तार बांधलेला तुकडा मात्र फक्त मागचा पीळ सोडवला की सुटा होतो.